शब्दांचे स्मरण कसे राहते?

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी रात्री वीस शब्दांची घोकंपट्टी करतो. आठवड्याने त्यांतील पाचही आठवत नाहीत, तेव्हा तो आपल्या बुद्धीला दोष देतो. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून बहुधा पद्धतीचा असतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मृतीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरमालिका स्वतः पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम पडतात, हे त्याने मोजले. एका तासानंतर मूळ श्रमांच्या निम्म्याहून अधिक, एका दिवसानंतर सुमारे दोन-तृतीयांश आणि महिन्यानंतर सुमारे चार-पंचमांश श्रम पुन्हा करावे लागत. म्हणजे विस्मृतीचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावतो. शिवाय, एका दिवसातील ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते ३ दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधले.

परंतु आवृत्ती म्हणजे केवळ वाचन नव्हे. २००८ साली कार्पिक व रोडिगर या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकविले. जे स्वतःची वारंवार परीक्षा घेत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी शब्द पाठ होताच परीक्षा थांबविली, त्यांना वाचन चालू ठेवूनही सुमारे एक-तृतीयांशच आठवले. अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न करणे, हाच खरा अभ्यास होय.

नवा शब्द परिचित शब्दाशी जोडणे, हा आणखी एक उपाय. इंग्रजीत हनुवटीला ‘चिन’ म्हणतात. हनुवटीला चिकटलेली चिंच डोळ्यांपुढे आणली की ध्वनी आणि अर्थ यांची सांगड बसते. अॅटकिन्सन व रॉ यांनी १९७५ साली १२० रशियन शब्दांवर ही पद्धती पडताळली. तिचा अवलंब करणाऱ्यांना ७२ टक्के, तर इतरांना ४६ टक्के शब्द आठवले. अर्थात अमूर्त कल्पनांचे शब्द असे चित्रित करणे कठीण असते, आणि उच्चार तर वेगळा शिकावा लागतो.

यास लागणारे साहित्य अल्प आहे. वहीच्या पानाला उभी घडी घालावी; डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ व एक वाक्य लिहावे. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने अर्थ झाकून स्वतःला प्रश्न विचारावा. चुकलेल्या शब्दांची उजळणी लवकर करावी. रोजची दहा मिनिटे परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणाहून अधिक फलदायी ठरतात.