घाट कुठे गेला? थंडी, ईव्ही आणि माझा परत आलेला प्रस्ताव

संशोधनाचा विषय शोधताना आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक छुपी इच्छा असते: काहीतरी डोळ्यांनी दिसावं आणि तोच विषय व्हावा. माझ्या बाबतीत तसंच झालं आणि त्यापायी माझे सहा महिने गेले. ते कसे गेले हे आज सांगतो. तुमचे वाचले तर चांगलंच.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याच्या नव्या ईव्हीतून आम्हाला सांगलीहून पाचगणीला घेऊन गेला. पेठ नाका, कराड करत साताऱ्यात पोचलो, तिथे गाडी चार्ज केली आणि निघालो. वाईत स्क्रीनवर ८२ टक्के दिसत होते. पसरणीचा घाट चढून पाचगणीत आलो तर ६६! जेमतेम १२ किलोमीटरला १६ टक्के. बाहेर चांगलंच गार झालं होतं, हीटर चालू होता. दादा म्हणाला, "थंडीनं बॅटरी खाल्ली बघ."

मी मेकॅनिकलचा, बॅटरीवर काम करायचं डोक्यात होतंच. इंटरनेटवर नॉर्वे, कॅनडा, अमेरिका इथले आकडे वाचले आणि प्रस्ताव लिहिला: सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात हिवाळी तापमानाचा ईव्हीच्या रेंजवर होणारा परिणाम. सल्लागार समितीसमोर सादरीकरण केलं. दहाव्या स्लाइडला एका सरांनी थांबवलं आणि एवढंच विचारलं, "अरे, घाट कुठे गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत आला.

आधी कागदावर हिशोब

सरांचा प्रश्न तुम्ही स्वतः सोडवून बघा, अकरावीचं फिजिक्स पुरतं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. म्हणजे चढ ५७० मीटरचा. माणसं आणि सामान धरून गाडी १,७०० किलोची समजा. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची केलं की येतात साधारण ९५ लाख जूल. एका किलोवॅट-तासात, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटमध्ये, ३६ लाख जूल असतात. म्हणजे नुसतं वजन वर उचलायला २.६ युनिट. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये थोडं वाया जातं ते धरून ३ युनिट म्हणू.

सपाट रस्त्यावर ही गाडी किलोमीटरला साधारण ०.१३ युनिट खाते. १२ किलोमीटरचे झाले दीड युनिट. एकूण साडेचार. बॅटरी ३० युनिटची असेल तर साडेचार म्हणजे १५ टक्के.

आमचे गेले होते १६. आता थंडी आणि हीटर या दोघांच्या वाट्याला मिळून उरला १ टक्का आणि स्क्रीनच पूर्ण आकड्यात दाखवते, त्यामुळे तेवढी चूक तर मोजण्यातच असू शकते. ज्या परिणामावर मी पीएचडी करायला निघालो होतो, तो माझ्या स्वतःच्या आकड्यांत जवळजवळ नव्हताच.

हा हिशोब पाच मिनिटांचा आहे. मी तो केला नाही, कारण उत्तर आधीच मनात ठरलेलं होतं.

मग थंडीचा परिणाम खोटा आहे का?

अजिबात नाही. फक्त तो एक परिणाम नाही, अनेकांची बेरीज आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला, बॅटरीची केमिस्ट्री. लिथियम-आयन बॅटरीत आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे द्रवातून जातात. थंडीत हा द्रव दाट होतो, आयनांची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो. बॅटरीतली ऊर्जा नाहीशी होत नाही, पण बाहेर काढताना जास्त भाग उष्णतेत जातो. बॅटरी गरम झाली की कामगिरी परत सुधारते. चार्जिंगचं मात्र जास्त गंभीर आहे. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतं आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडीचा संगणक थंड बॅटरीला सावकाशच चार्ज होऊ देतो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा उणे १८ अंशांच्या खाली गेला, तेव्हा चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्यामागचं एक कारण हेच होतं.

दुसरा, हीटर. पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं आणि त्याच फुकटच्या उष्णतेवर गाडी आतून गरम होते. ईव्हीची मोटर वाया फार कमी घालवते, म्हणून ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. एक फरक लक्षात ठेवा: चाकं किलोमीटरवर खातात, हीटर तासावर खातो. कडाक्याच्या थंडीत ४ किलोवॅटचा हीटर चालू ठेवून ताशी ८० ने १०० किलोमीटर गेलात तर हीटरला ५ युनिट लागतील. तेच अंतर बर्फात ताशी २० ने कापलंत तर २० युनिट! थंडी तीच, अंतर तेच, उत्तर चौपट.

तिसरा, हवा. थंड हवा दाट असते, गाडीला जास्त अडवते. सांगलीत दुपारी ३० अंश आणि महाबळेश्वरात पहाटे ८ अंश असतील तर या फरकानं हवा सुमारे ८ टक्के दाट होईल. पण महाबळेश्वर सांगलीपेक्षा ८०० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब ९ टक्क्यांच्या आसपास कमी. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. म्हणजे नॉर्वेवरच्या लेखातलं "थंड हवा दाट असते म्हणून रेंज घटते" हे वाक्य मी जसंच्या तसं आपल्या डोंगरावर आणून ठेवलं होतं, तेही इथे लागू पडत नव्हतं.

वेगळं कसं करायचं

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये पाच ईव्हींवर चाचणी केली. तापमान नियंत्रित केलेल्या कक्षात, गाडी जागेवर आणि चाकं रोलरवर फिरताहेत. घाट नाही, वारा नाही, ट्रॅफिक नाही. आधी सुमारे २४ अंशांना रेंज मोजली, मग उणे ७ च्या आसपास. हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के घटली, हीटर चालू असताना ४१ टक्के.

आकड्यांपेक्षा रचना बघा. त्यांनी फक्त "थंडीत मोजलं" असतं तर ४१ हा एकच आकडा मिळाला असता आणि सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला असता. हीटर बंद ठेवून एकदा जास्तीचं मोजलं, म्हणून कळलं की मोठा वाटा ऊब देण्याचा आहे. एका जास्तीच्या मोजमापानं प्रश्नच बदलला.

कुणाचं तापमान?

दर हिवाळ्यात पेपरात बातमी येते: वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले, महाबळेश्वर मिनी काश्मीर! त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरं असतं. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा थंड होतं आणि जड गार हवा तलावाकाठच्या खोलगट भागात साचते.

माझ्या प्रस्तावात "तापमान" असा एकच रकाना होता, तोही मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधून भरायचा. पण बॅटरीला ॲप काय म्हणतं याच्याशी देणंघेणं नसतं. बॅटरी म्हणजे अडीचशे किलोचा गोळा. दिवसभर चालून तापलेली असते, निवायला अख्खी रात्र लागते. आम्ही संध्याकाळी घाट चढलो तेव्हा बाहेर गारठा असला तरी बॅटरी बहुधा कोमटच होती. केमिस्ट्रीवर थंडीचा परिणाम तेव्हा शोधणं म्हणजे चहा गरम असताना तो गार का झाला हे विचारणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक फसवणूक झाली. रात्रभर मुक्कामाच्या ठिकाणी १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी १०० टक्के भरली होती. घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज परत भरते, म्हणजे वाईपर्यंत दोन-तीन टक्के वाढायला हवेत. पण भरणं जवळजवळ बंदच होतं. दादा पुन्हा म्हणाला, "थंडी!" आणि मी मान डोलावली. थंड बॅटरी चार्ज कमी घेते हे खरं. पण भरलेल्या तांब्यात पाणी ओतलं तरी ते मावत नाही. बॅटरी भरलेली होती म्हणून की गार होती म्हणून, हे त्या एका फेरीवरून कधीच सांगता येणार नाही. ८० टक्क्यांवर थांबवलं असतं तर निदान एक संशयित कमी झाला असता.

आता काय करतोय

विषय बदलला, पण घाट तोच आहे. आता आम्ही पसरणी घाटातला ऊर्जाखर्च मोजतोय: तीच गाडी, तेवढंच वजन, हीटर चालू आणि बंद, पहाटे निवालेली बॅटरी आणि दुपारी तापलेली बॅटरी. असे चार प्रकार, प्रत्येक अनेकदा. तापमान गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमधून, थेट बॅटरीचं. सुट्टीच्या आठवड्यातल्या पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या ट्रॅफिकचाही विचार आहे, कारण २० किलोमीटरला दोन तास लागले तर एक किलोवॅटचा हीटरसुद्धा चाकांच्या जवळपास पोचतो. खऱ्या कडाक्याच्या थंडीचा प्रश्न मी सोडून दिला. तो साताऱ्यात सुटणार नाही, त्याला लेह पाहिजे किंवा चाचणी-कक्ष.

तुमचा प्रस्ताव लिहायला घेतला असेल तर आज एक काम करा. "अमुकमुळे तमुक होतं" असं तुमचं जे मुख्य वाक्य आहे, ते कागदाच्या वर लिहा. खाली "आणखी कशामुळे होऊ शकतं?" याची किमान पाच उत्तरं लिहा आणि प्रत्येकापुढे पाच मिनिटांचा ढोबळ हिशोब करा. एखादं उत्तर एकटंच सगळा परिणाम गिळत असेल, तर ते समितीच्या आधी तुम्हाला दिसलेलं बरं.

दादाला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पुढच्या वेळी हीटर लावला तरी चालेल ना?" चालेल.