परचित्ताचा पुरावा

स्वतःचे दुःख आपणांस साक्षात् कळते, दुसऱ्याचे मात्र त्याच्या वाणीवरून व हालचालींवरून ताडावे लागते. मग त्या देहाआड मन आहेच याला पुरावा कोणता, हा प्रश्न ७व्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘संतानांतरसिद्धि’ या ग्रंथात विचारास घेतला. बाह्य जग विज्ञानाचाच, म्हणजे जाणिवेचाच, आविष्कार मानणाऱ्या त्यांच्यासारख्यांवर, ‘मग तुमच्यावाचून दुसरे कोणी उरत नाही’, अशी हरकत घेतली जाई. धर्मकीर्तींचे उत्तर असे की, आपल्या बोलण्याचालण्यापूर्वी इच्छा असते हे ज्याने स्वानुभवाने जाणले, त्याला आपल्या इच्छेवाचून प्रकटणाऱ्या क्रियांवरून अन्य चित्ताचे अनुमान करण्याचा अधिकार वास्तववाद्याइतकाच पोहोचतो.

११व्या शतकात विक्रमशीलेच्या रत्नकीर्तींनी ‘संतानांतरदूषण’ लिहून, जी परकीय इच्छा कधीच प्रत्यक्ष होत नाही तिचा क्रियेशी कार्यकारणभाव ठरावा कसा, असे विचारून ते अनुमान परमार्थतः नाकबूल केले.

युरोपात जॉन स्टुअर्ट मिल यांनी परचित्ताविषयी असाच साधर्म्याधिष्ठित युक्तिवाद मांडला तो १८६५ साली. धर्मकीर्तींचा ग्रंथ तिबेटी भाषांतररूपाने टिकला. रशियन विद्वान श्चेरबात्स्की यांनी १९२२ साली तो रशियन भाषेत आणला. परदुःख अनुमानानेच कळत असेल, तर ते अनुमान जागृत ठेवणे हाच करुणेचा आरंभ होय.