शेतकऱ्याच्या दप्तरांतील खतें, पत्रें आणि नामे

शेतकऱ्याच्या घरांत खत हा शब्द दोन अर्थांनीं नांदतो. एक खत उकिरड्यावरून शेतांत जातें, दुसरें पेटींतून कचेरींत. उच्चारापलीकडे दोहोंचें कांहीं नातें नाहीं. दुसरा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ रेघ, अक्षर, लेखन असा आहे. पहिल्या खताविषयीं आम्ही ह्या मासिकांत वारंवार लिहितों. दुसऱ्याविषयीं लिहिण्याचें कारण हें कीं, जमीन कसण्यांत निष्णात असलेले गृहस्थही कागदाचें नांव ऐकूनच संतुष्ट होतात, आंतील शब्द वाचीत नाहींत. आणि न्यायाधीश मथळ्यावर न थांबतां आंतील शब्द वाचतो.

ह्या सर्व कागदांचें सामान्य नांव दस्तऐवज. मूळ फारशी शब्द दस्तावेज; दस्त म्हणजे हात. ज्याला हातानें धरून राहावें तो आधार, असा त्याचा भाव. मराठींत ऐवज हा शब्द आधींच रुळलेला असल्यामुळें त्याला हल्लींचें रूप आलें असावें. कर्जरोख्यास जुना शब्द तमस्सुक; त्याचाही मूळ अर्थ घट्ट धरणें असाच आहे. धरणारा मात्र सावकार असे! इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जो दंगा झाला व पुढें नगर जिल्ह्यांत पसरला, त्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या रोख्यांवर व खतांवर होता. तीं हिसकावून जाळण्यांत आलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्यानें करून द्यावयाचे कागद गांवच्या नोंदणी कामदाराच्या देखरेखीखालीं लिहिले जावेत आणि न्यायाधीशानें देवघेवीचा इतिहास मुळापासून तपासावा, अशी त्यांत तजवीज होती. तो कायदा आज अस्तित्वांत नाहीं. शब्द पारखण्याचा भार ज्याचा त्याच्यावर आहे.

सर्वांत अधिक घात होतो तो गहाण आणि मुदतखरेदी ह्यांच्या गोंधळांत. गहाणखतांत मालकी लिहून देणाराचीच राहते. जमिनीचा ताबा दिला तर कब्जेगहाण, न दिला तर नजरगहाण. रक्कम फेडून जमीन सोडवून घेण्याचा हक्क कायद्यानें राखलेला असून, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, हा हक्क उत्पन्न झाल्यापासून तीस वर्षांपर्यंत दावा लावतां येतो. मुदतखरेदींत मात्र "जमीन खरेदी दिली आहे, अमुक तारखेपर्यंत रक्कम परत केल्यास तुम्ही ती परत खरेदी द्यावी" अशी भाषा असते. बोलतांना दोघेही तिला गहाणच म्हणतात. परंतु तारीख उलटली कीं घेणारा कागद पुढें करितो. असा व्यवहार कित्येकदां वास्तविक गहाणच असतो, आणि न्यायालय उभयतांचा हेतु पाहून तसें ठरवूंही शकतें. पण त्याला एक अट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत १९२९ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें, परत देण्याची शर्त खरेदीच्या त्याच कागदांत लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहारास गहाण मानतां येत नाहीं. "खरेदीखत साफ असूं द्या, परत देण्याचें निराळ्या कागदावर लिहून देतों," असें कोणी गोड बोलून सांगितलें तर त्या निराळ्या कागदाची किंमत काय, हें वाचकांनीं ओळखावें. तारीख चुकली कीं पुढें गहाण म्हणून तक्रार करण्याचें दार त्या एका कागदानें बंद होतें.

साठेखताविषयींही असाच भ्रम आहे. साटेलोटे ह्यांतील साटें म्हणजे सौदा. साठेखत म्हणजे सौद्याचा करार. त्यानें खरेदी करण्याचा वायदा होतो, जमिनींत कसलाही मालकीहक्क उत्पन्न होत नाहीं. इसार देऊन व ताबा घेऊन पिढी काढलेलीं माणसें आपणांस मालक समजतात, तें बरोबर नव्हे. ताब्याला कायद्यानें कांहीं संरक्षण दिलें आहे. परंतु २००१ च्या दुरुस्तीनंतर केलेलें साठेखत नोंदलेलें नसेल तर तेंही मिळत नाहीं. मुखत्यारपत्राची गत तशीच. मुखत्यार हा दुसऱ्याच्या वतीनें काम करणारा. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र ह्यांची मोळी बांधून केलेल्या "खरेदी"नें मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

भाऊबंदांच्या वाटणींत तर एका क्रियापदावर सर्व अवलंबून असतें. "आम्ही आज येणेंप्रमाणें वाटून घेत आहोंत" असें लिहिलें तर तो कागदच वाटणी घडवून आणतो. तें वाटणीपत्र झालें, आणि त्याची नोंदणी केली पाहिजे. "पूर्वीं तोंडी वाटणी झाली व ज्याचा त्याचा ताबा आहे, त्याची ही याद" असें लिहिलें तर तो झाल्या गोष्टीचा टिपणवजा कागद. त्यास नोंदणी लागत नाहीं. अर्थात् वाटणी खरोखर आधीं झालेली असली पाहिजे. नोंदणीचा खर्च वांचविण्यासाठीं व्याकरण बदलूं नये. बक्षीसपत्र व मृत्युपत्र ह्यांतील भेदही काळाचाच आहे. पहिल्यानें मालमत्ता आजच हातची जाते व सामान्यतः परत घेतां येत नाहीं. दुसरें मरणानंतर अमलांत येतें व हयातींत केव्हांही बदलतां येतें. म्हातारपणीं मुलाच्या नांवें जमीन करून देणाऱ्यानें ह्या दोहोंपैकीं कशावर अंगठा उठवीत आहों हें विचारून घ्यावें. विचारण्यांत अपमान मुळींच नाहीं.

शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून फारशी शब्दांस संस्कृत पर्याय योजविले, तरी खतांतून फारशी हलली नाहीं. आणि हल्लींच्या सरकारी मराठींत खताला विलेख व कराराला संविदा म्हणूं लागले तरी लेखनिकाची लेखणी जुन्याच वाटेनें चालते. त्या जुन्या शब्दांस भिण्याचें कारण नाहीं. मजकूर म्हणजे वर सांगितलेला. मौजे मजकूर म्हणजे तेंच गांव. तोशीस म्हणजे उपद्रव. "तोशीस लागल्यास निवारण करून देईन" ह्याचा अर्थ, दुसरा कोणी हक्क सांगत आला तर विकणारानें तो निस्तरावयाचा. हें वाक्य घेणारानें गळूं देऊं नये. दरोबस्त म्हणजे संपूर्ण, सगळें. गटांतील वीसच गुंठे द्यावयाचे असतां "पैकीं" हा शब्द राहून दरोबस्त पडला, तर पुढें किती खटले चालतील ह्याचा नेम नाहीं. "जल, तरु, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपासह" ही ओळ कानाला भारदस्त लागते खरी, पण सामाईक विहिरींत पाळी किती दिवसांनीं व पाट कोणाच्या बांधावरून, हें तींत येत नाहीं. तें स्वतंत्र लिहवून घ्यावें.

सातबाराचा उतारा हा ह्या कुळांतला नव्हे. गांव नमुना सात व बारा ह्यांचा तो जोड. महसुलाची नोंद, दस्तऐवज नव्हे. १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणें विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती नोंद खरी धरतात, परंतु मालकी देणारा कागद म्हणजे त्यामागील खत किंवा वारसा. फेरफाराची नोंद झाली म्हणून मूळ खत निष्काळजीपणें ठेवूं नये.

सही होण्यापूर्वीं कागद मोठ्यानें वाचवून घ्यावा, खाडाखोड असेल तेथें लिहून देणाराची सही घ्यावी, आणि तारखेपासून चार महिन्यांच्या आंत तो दुय्यम निबंधकापुढें हजर करावा. त्यानंतर आणखी चार महिनेपर्यंत दंड भरून सवलत मिळूं शकते. मृत्युपत्रास मात्र ही मुदत नाहीं.