हायबरनेशनमधील सुरक्षित मेमरी-वाटप

हायबरनेशनमधील सुरक्षित मेमरी-वाटप ही ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नलमधील एक कार्यपद्धती आहे. संगणकाची मुख्य मेमरी डिस्कवर साठवताना आणि ती परत भरताना कर्नलला स्वतःच्या कामासाठीही मेमरी लागते. ती घेताना साठवलेल्या माहितीवर लेखन होऊ नये, हा या पद्धतीचा हेतू आहे. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलमधील पद्धतीचे वर्णन केले आहे.

पार्श्वभूमी

हायबरनेशनमध्ये मेमरीतील मजकुराची प्रतिमा डिस्कवर, सहसा स्वॅप विभागात, लिहून संगणक पूर्ण बंद केला जातो. त्यानंतर विजेची गरज उरत नाही. त्यामुळे भारनियमनाच्या वेळी, यूपीएसची बॅटरी संपण्यापूर्वी, चालू काम जसेच्या तसे राखता येते. लिनक्समध्ये ही सुविधा २००२ साली २.५ या विकास-मालिकेत समाविष्ट झाली. पावेल माखेक व राफाएल विसोत्स्की हे तिचे प्रमुख विकासक होत.

कर्नल मेमरीची विभागणी पानांमध्ये करतो. एक्स८६ संगणकांवर एक पान सामान्यतः ४,०९६ बाइटचे असते. म्हणजे ८ जीबी मेमरीत सुमारे २१ लाख पाने होतात.

प्रतिमा तयार करताना

प्रथम सर्व प्रोग्रॅम गोठवले जातात. प्रतिमा एकाच क्षणाची असावी लागते. म्हणून उपकरणे थांबवून वापरातील पानांची नक्कल आधी मेमरीतच केली जाते व नंतर ती डिस्कवर लिहिली जाते. नकलेसाठी तेवढीच मोकळी पाने लागत असल्याने प्रतिमा एकूण मेमरीच्या साधारण निम्म्याहून मोठी असू शकत नाही. जागा अपुरी असल्यास कर्नल काही पाने आधीच स्वॅपमध्ये हलवतो किंवा कॅशे रिकामी करतो.

ही जागा उपकरणे थांबवण्यापूर्वीच राखून ठेवावी लागते. एरवी मेमरी कमी पडल्यास कर्नल काही पाने डिस्कवर लिहून जागा करतो; परंतु डिस्क थांबलेली असताना तसे केल्यास कर्नल तिच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडेल. म्हणून या काळात डिस्कवर अवलंबून असलेले मेमरी-वाटप वर्ज्य केले जाते.

पुनर्स्थापनेच्या वेळी

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम एक नवा कर्नल चालू होतो आणि तो प्रतिमा वाचतो. मूळ मजकूर ज्या पानांवर परत जायचा आहे, त्यांपैकी काही पाने हा नवा कर्नल स्वतः वापरत असतो. त्यांचा मजकूर तात्पुरता अन्यत्र ठेवून अखेरीस एकदमच मूळ जागी नेला जातो.

उदाहरणार्थ, पान क्र. ३०० चा मजकूर तात्पुरता पान क्र. ५०० मध्ये ठेवला आणि प्रतिमेत पान क्र. ५०० सुद्धा असेल, तर अंतिम नकलेत ५०० वर त्याचा मूळ मजकूर आधी आल्यास ३०० चा मजकूर कायमचा नष्ट होईल. म्हणून तात्पुरत्या साठ्यासाठी केवळ प्रतिमेत समाविष्ट नसलेली पाने वापरतात. त्यांना ‘सुरक्षित पाने’ म्हणतात.

वाटपात असुरक्षित पान हाती आल्यास कर्नल ते परत करत नाही, कारण परत केलेले पान पुन्हा मिळू शकते. ते खूण करून बाजूला ठेवले जाते. मात्र ते वाया जात नाही: त्याच क्रमांकाचा मजकूर प्रतिमेतून आला की तो थेट त्यावर लिहिला जातो.

अंतिम नक्कल करणारी सूचनावलीही अशा नकलेत पुसली जाऊ शकते. त्यामुळे ६४-बिट एक्स८६ संगणकांवर ती सूचनावली व तिला लागणारी तात्पुरती पृष्ठ-सारणी सुरक्षित पानांवर ठेवली जाते. मूळ कर्नलला या पानांतील मजकुराची गरज नसल्याने नंतर काही बिघडत नाही.

मर्यादा

ही पद्धत मेमरीचे रक्षण करते, डिस्कचे नव्हे. हायबरनेशन व पुनर्स्थापना यांच्या दरम्यान दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममधून त्याच फाइल-प्रणालीवर लेखन झाल्यास मेमरीतील नोंदी व डिस्क यांचा मेळ राहत नाही आणि फाइली कायमच्या खराब होऊ शकतात.