अदृश्य प्रकाशाचे छायाचित्रण : आरंभ आणि विवेक

पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून पान हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश मात्र पान फारसा शोषत नाही. त्याचा मोठा भाग ते परत पाठवते. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्मवर हिरवे झाड हिम पडल्यासारखे पांढरे आणि निरभ्र आकाश काळसर उमटते.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापक यांच्या साहाय्याने या किरणांचा शोध लावला. १९१० साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी त्यांनी टिपलेली निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. ही उष्णतेची चित्रे नव्हेत. ती सूर्याच्या परावर्तित प्रकाशाचीच असतात.

साहित्य

कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म २००७ साली बंद झाली. नवशिक्याने रोलाय इन्फ्रारेड ४०० घ्यावी. ती सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत संवेदनशील असते. इल्फर्ड एसएफएक्स २०० ची मर्यादा सुमारे ७४० नॅनोमीटर असल्याने तिचा परिणाम सौम्य येतो. सोबत ७२० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद फिल्टर, ट्रायपॉड आणि हाताने चालवायचा जुना कॅमेरा पुरेसा आहे. काही स्वयंचलित कॅमेरे फिल्म मोजण्यासाठी आतच अवरक्त किरण वापरतात. त्यांनी रोल खराब होऊ शकतो.

कृती

रोल सावलीत, शक्य तितक्या अंधारात भरावा. फिल्टरमधून डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून चित्राची चौकट व फोकस आधी ठरवून मग फिल्टर लावावा. अवरक्त किरणांचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. जुन्या भिंगांवर त्यासाठी तांबडी खूण असते. ती नसल्यास छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ इतके लहान ठेवावे.

फिल्टरमुळे फिल्मची गती ४०० वरून सुमारे १२ वर येते, असे धरून चालावे. कडक उन्हात एफ/१६ ला १/१५, १/४ आणि १ सेकंद अशी एकाच दृश्याची तीन चित्रे घ्यावीत व वहीत नोंद ठेवावी. ३६ चित्रांच्या रोलमध्ये अशी १२ दृश्ये बसतात. प्रकाशमापक हे किरण नीट मोजत नसल्याने ही नोंदच पुढच्या रोलला मार्ग दाखवते.

पावसाळा सरल्यावरचे स्वच्छ ऊन आणि हिरवी झाडी हा आपल्याकडचा उत्तम काळ होय. विषय मात्र विचारपूर्वक निवडावा. हिरव्या डोंगरावरील पांढरे मंदिर येथे पांढऱ्या झाडीत हरवते. उलट काळ्या पाषाणात कोरलेली वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी भोवतीच्या उजळ झाडीत उठून दिसावीत. तेथे ट्रायपॉडसाठी परवानगी आधी विचारावी.

जयणेचा प्रश्न

श्रावक कुटुंबाने रोल विकत घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी त्याचा वापर सुचवला. त्याची जागा घेणारा पदार्थ अद्याप व्यवहारात रूढ झालेला नाही. छपाईच्या पारंपरिक छायाचित्र-कागदावरही तोच थर असतो. चांदीच्या वरखाची निर्मिती कशी होते हे कळल्यावर अनेक कुटुंबांनी मिठाईवरचा वरख सोडला. येथेही चांदीच आहे, आणि प्रश्नही तोच आहे.

सुदैवाने ही कला फिल्मवर अवलंबून नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा संवेदक अवरक्त किरण स्वभावतःच टिपतो. निर्माते त्यापुढे ते अडवणारी काच बसवतात. घरात पडून असलेल्या जुन्या कॅमेऱ्यातील ती काच जाणकार कारागिराकडून काढून घेता येते. काच न काढताही तोच गडद फिल्टर आणि ट्रायपॉडवर काही सेकंदांचा अवधी दिल्यास पुष्कळ कॅमेरे चित्र देतात. फोकस, ऊन, विषयाची निवड आणि नोंदवही यांचे धडे दोन्हीकडे सारखेच आहेत.

फिल्मच्या चित्रातील दाणेदार पोत मोहक असतो, हे मान्य करावेच लागेल. तथापि घरातील मुलाने वा मुलीने हा छंद धरला, तर कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर ही माहितीही त्यांच्यापुढे ठेवावी आणि आरंभ डिजिटल कॅमेऱ्याने करून द्यावा. पुढचा निर्णय ती मुले समजून घेऊन करतील.