वारणेच्या तहापर्यंतची चोवीस वर्षं

शाहूवाडी तालुक्याच्या उत्तरेला वारणा वाहते. पलीकडे सांगली जिल्ह्यातला शिराळा. 1731 मध्ये ही नदी दोन छत्रपतींच्या राज्यांची हद्द ठरली. त्याआधीची चोवीस वर्षं भाऊबंदकीची, आणि तिच्यावर पोळी भाजून घेऊ पाहणाऱ्या शेजाऱ्याचीही.

1707 मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. त्यांच्या चुलती ताराबाईंनी त्यांचा गादीवरचा हक्क नाकारला. खेडची लढाई जिंकून शाहूंनी जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाईंनी मुलाच्या नावाने पन्हाळ्याला वेगळी गादी मांडली. 1714 मध्ये तीही उलथली: ताराबाईंच्या सवतीचा, राजसबाईंचा, मुलगा संभाजी गादीवर आला, ताराबाई नजरकैदेत गेल्या.

हे सारं दख्खनच्या मोगल सुभेदाराच्या, निजामउल्मुल्काच्या, पथ्यावर पडलं. दख्खनच्या महसुलातल्या चौथाई-सरदेशमुखी या हिश्शांच्या सनदा दिल्लीने 1719 मध्येच शाहूंच्या नावे दिल्या होत्या. तरी 1727 मध्ये निजामाने देणं अडवलं. सबब मोठी साळसूद होती: छत्रपती दोन, मग पैसा द्यायचा कोणाला? दोघांनी दावे मांडावेत, निवाडा आपण करू. तो निवाडा मानणं म्हणजे गादी निजामाच्या मेहेरबानीवर असल्याची कबुलीच. शाहूंनी नकार दिला. संभाजीराजांना पाठबळ हवं होतं. ते निजामाच्या गोटात गेले.

मग युद्ध पेटलं. शाहूंचा पेशवा बाजीराव याच्या घोडदळामागे धावताना निजामाचा तोफखाना मागे पडला. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडजवळ निजाम दाणापाण्याला मोताद झाला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहूंचे हक्क मान्य केले आणि संभाजीराजांची पाठराखण सोडली.

1730 मध्ये वारणाकाठी शाहूंच्या फौजेकडून संभाजीराजांचा पराभव झाला. शाहूंना त्यांचं राज्य गिळता आलं असतं. त्याऐवजी 13 एप्रिल 1731 रोजी तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजीराजांना मिळाला. आजचं शाहूवाडीचं खोरं, विशाळगडासह, संभाजीराजांच्या म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला राहिलं. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी, एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, अशी कलमं होती. तिसऱ्याला मधे शिरायची वाटच त्यांनी बुजवली.

निजामाने संभाजीराजांना मान्यता दिली ती शेजारचं भांडण पेटतं राहावं म्हणून. एका पराभवात ती उडाली. शाहूंनी दिली ती भांडण मिटावं म्हणून. राजकारणात शाहू भोळे होते असं म्हणणाऱ्यांनी हा तह पुन्हा वाचावा.