फायलीतली माहिती आणि शेजारचा माणूस

सोलापुरात सॉफ्टवेअरवर बोलायचं, तर सुरुवात मागापासून करू. आपली चादर जकार्डवर विणली जाते. कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही, हे पुठ्ठ्यावरच्या छिद्रांत असतं. फ्रान्समधल्या जकार्डची ही १८०४ सालची युक्ती. पुढं संगणकाच्या छिद्रपत्रांमागे तीच कल्पना होती. म्हणजे पुठ्ठा हा एक प्रकारचा प्रोग्रामच म्हणा ना!

पण पुठ्ठे हातात दिले म्हणून नवखा माणूस चादर विणेल का? ताणा किती ताठ हवा, धागा सारखा तुटतोय तर दोष सुताचा की मागाचा, हे जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच कळतं. आणि शेजारी कोण कुणाला उभं करतं? इथं नात्याचा प्रश्न येतो.

माझ्या एका जुन्या टीममधली गोष्ट सांगतो. महिनाअखेरीला हिशेब जुळवणारा प्रोग्राम मध्येच अडकायचा. एक नवा मुलगा तीन दिवस त्यात डोकं घालून बसला. उत्तर चार टेबलं सोडून बसणाऱ्या सीनियरला माहीत होतं, दहा मिनिटांचं काम. पण ‘एवढंही येत नाही?’ हे ऐकावं लागेल, म्हणून तो गेला नाही. पुढं तो सीनियर नोकरी सोडून गेला आणि त्या प्रोग्रामला हात लावायची कुणाची हिंमत होईना. कोड होता, कागदपत्रं होती. ‘असं का केलं’ हे मात्र त्याच्याबरोबर गेलं.

अभ्यासक काय म्हणतात बघा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की नवी बातमी बहुतेक वेळा जुजबी ओळखीतून येते. कारण सोपं आहे: जिवलग मित्रांना जे माहीत असतं, ते बरचसं आपल्यालाही माहीत असतं. मॉर्टन हॅन्सन यांनी १९९९ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली. गुंतागुंतीचं, कागदावर न मावणारं ज्ञान एका टीमकडून दुसरीकडे जायला घट्ट नातं लागतं. दूरची ओळख ‘कुणाला विचारायचं’ ते सांगते. जवळचा माणूस तासभर बसून समजावतो. टीमला दोन्ही हवेत.

तिसरी गोष्ट भीतीची. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त दिसली! चुका तिथं लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचं कारण. चूक सांगितल्यावर अपमान होणार नाही, एवढा विश्वास असेल तर माणसं बोलतात.

आता घट्ट नात्याचा तोटाही ऐका. आपण मराठी, कन्नड, तेलुगू ऐकत वाढलेली माणसं. पुण्यात नोकरीला गेलो की चहाच्या टपरीवर सोलापूरकर सोलापूरकराला बरोबर शोधतो. छानच वाटतं. पण कामाचा निर्णय तिथंच झाला आणि ओडिशाची सहकारी वर टेबलाशी बसून राहिली, तर तिला तो कळतच नाही. ती चुकीच्या समजुतीवर आठवडाभर काम करते. मग आपणच म्हणतो, ‘हिला सांगूनही कळत नाही.’ खरं तर तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग करायचं काय? टपरीवर ठरलेलं वर येऊन दोन ओळींत लिहा, सगळ्यांना समजेल अशा भाषेत. नव्या माणसाला पहिले काही आठवडे जुन्याशेजारी बसवा आणि जोड्या बदलत राहा. आणि सीनियर मंडळींनी महिन्यातून एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणावं, ‘हे मला येत नाही, कुणी सांगेल का?’ ते ऐकलं, की तो नवा मुलगा तीन दिवस गप्प बसणार नाही.